पिस्तूल संस्थेचे, मूठ मुलाची

२८ जुलै २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने दहा मीटर एअर पिस्तूल प्रकारात कांस्यपदक पटकावले. दोनच दिवसांनी सरबज्योत सिंगच्या साथीने तिने मिश्र सांघिक प्रकारात दुसरे कांस्य मिळवले. १ ऑगस्टला कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये तिसरे पदक जोडले. पाच दिवसांत तीन पदके! एकेकाळी राजेरजवाड्यांचा शौक मानला गेलेला नेमबाजीचा खेळ मध्यमवर्गीय घरांत आणि गावोगावच्या शाळांत चर्चेचा विषय झाला. जालन्यासारख्या जिल्ह्यातही मुले आईवडिलांना विचारू लागली आणि आईवडील जाणकारांना विचारू लागले की, पिस्तूल कोणते घ्यावे?

हा प्रश्न पडणे स्वागतार्हच आहे. पोरे मोबाइलच्या पडद्यावर खोट्या गोळ्या झाडत बसण्यापेक्षा मोकळ्या दालनात श्वास रोखून खऱ्या लक्ष्यावर नेम धरत असतील, तर त्यात आनंदच आहे. परंतु प्रश्नाचा क्रम चुकतो आहे. परदेशी बनावटीचे स्पर्धेचे एअर पिस्तूल आज साधारणपणे दीड-दोन लाख रुपयांच्या घरात जाते. शिक्षकाच्या, छोट्या दुकानदाराच्या किंवा मोसंबीच्या बागेवर संसार चालवणाऱ्या शेतकऱ्याच्या घरात ही रक्कम म्हणजे कित्येक वर्षांच्या बचतीचा मोठा तुकडा असतो. मुलाचा हात कसा आहे, मन कसे आहे, त्याला या खेळात रस किती दिवस टिकेल, यातले काहीही ठाऊक नसताना एवढी रक्कम एका पेटीत बंद करणे हा उत्साह झाला; त्याला विवेक म्हणता येणार नाही.

जालना हा बियाण्यांचा जिल्हा. इथला शेतकरी बियाणे घेताना पिशवीवरच्या चित्राला भुलत नाही. आपली जमीन हलकी की भारी, पाणी किती, हंगाम कोणता, हे आधी पाहतो आणि मग वाण ठरवतो. पिस्तुलाच्या बाबतीत नेमका हाच शहाणपणा हवा. जमीन म्हणजे मुलाचा हात. वाण त्यानंतर.

एका मिलिमीटरचे गणित

हात आधी का, याचे उत्तर भूमितीत आहे. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा ११.५ मिलिमीटर असतो, शर्टाच्या बटणाएवढा. खेळाडू एका हाताने, मनगटाला कोणताही आधार न घेता, पिस्तूल पेलतो. पिस्तुलाला दुर्बीण लावण्यास परवानगी नाही. पुढची साइट मागच्या खाचेत नेमकी मधोमध दिसली पाहिजे, एवढेच त्याच्या हाती असते. या दोन साइट्समधील अंतर सुमारे ३३ सेंटिमीटर असते. संपूर्ण हात सरळ रेषेत एक मिलिमीटर सरकला, तर छर्रा लक्ष्यावर एकच मिलिमीटर सरकतो. गुण जात नाही. परंतु मनगट किंचित मुडपून पुढची साइट खाचेच्या मध्यापासून एक मिलिमीटर ढळली, तर दहा मीटरवर तीच चूक तीसपट होते आणि दहाचा नेम सातवर जाऊन पडतो.

म्हणजे हात थोडा हलला तरी चालतो, मनगट मुडपलेले चालत नाही. मनगट सरळ ठेवणारी वस्तू कोणती? पिस्तुलाची मूठ. स्पर्धेच्या पिस्तुलाची लाकडी मूठ लहान, मध्यम, मोठ्या अशा मापांत मिळते. उजव्या आणि डाव्या हाताची वेगळी असते. तळहाताखालची पट्टी वरखाली सरकवता येते. लाकूड कुठे कानशीने घासून, कुठे लांबी भरून हाताजोगते करता येते. नियमाप्रमाणे मूठ मनगटाला आधार देणारी नसावी, एवढी मर्यादा पाळायची. योग्य मुठीची परीक्षाही सोपी आहे. डोळे मिटून हात उचलावा, लक्ष्याच्या दिशेने स्थिर करावा आणि मग डोळे उघडावेत. साइट्स आपोआप जुळलेल्या दिसल्या तर मूठ त्या हाताची आहे. दर वेळी मनगट वळवून त्या जुळवाव्या लागत असतील, तर जगातले सर्वांत महागडे पिस्तूलही त्या मुलासाठी निकामी आहे.

हंगेरीच्या कारोली टाकाच याची कथा या संदर्भात आठवावी अशी आहे. हा सैनिक उजव्या हाताने नेम धरणारा निष्णात पिस्तूलबाज. १९३८ मध्ये हातबॉम्बच्या स्फोटात त्याचा उजवा हात जायबंदी झाला. त्याने गाजावाजा न करता डाव्या हाताने पहिल्यापासून सराव सुरू केला आणि १९४८ च्या लंडन व १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकले. हात बदलला, मूठ बदलली; साधना मात्र तीच राहिली.

असईचा धडा

शस्त्र उत्तम असले की विजय आपलाच, हा भ्रम किती महागात पडतो, हे शिकायला जालना जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी याच जिल्ह्यातील असईच्या रणभूमीवर दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांचे सैन्य वेलस्लीच्या इंग्रज फौजेसमोर उभे होते. शिंद्यांच्या तोफा त्या काळच्या उत्तम तोफांत गणल्या जात. त्यांच्या गोलंदाजांनी तोफा न सोडता प्राण दिले आणि इंग्रजांची भयंकर हानी केली. तरीही दिवस मावळताना सुमारे शंभर तोफा शत्रूच्या हाती पडल्या होत्या. उणीव लोखंडात नव्हती आणि गोलंदाजांच्या शौर्यातही नव्हती. परक्या अधिकाऱ्यांवर टाकलेला भरवसा आणि शिथिल नेतृत्व यांनी घात केला. शस्त्रामागचे शिक्षण, शिस्त आणि निर्णय आपले नसतील, तर विकत घेतलेले सामर्थ्य ऐन वेळी परके होते. रणांगणातला हा नियम खेळाच्या मैदानालाही लागू आहे.

भारतीय नेमबाजीचा अलीकडचा इतिहास हेच सांगतो. स्वप्नील कुसाळेचे वडील शिक्षक. २००९ मध्ये त्यांनी मुलाला राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातले. तिथे आधी वर्षभर शरीर घडवून घेतले गेले आणि मग खेळ निवडायचा होता. स्वप्नीलने नेमबाजी निवडली. कोल्हापूरच्या राही सरनोबतला बंदुकीची पहिली ओळख शाळेत एनसीसीमुळे झाली. हीच राही २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात, दोन वेळा घ्याव्या लागलेल्या शूट-ऑफनंतर, सुवर्णपदक जिंकून गेली. नेमबाजीत आशियाई सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलाचे रौप्य आणणारा विजयकुमार हा सैन्यदलातला जवान. तो घडला सैन्याच्या महू येथील निशाणेबाजी केंद्रात. तिघांच्याही वाटचालीत संस्था आधी आली. शासनाचे वसतिगृह, शाळेचे पथक किंवा सैन्याचे केंद्र यांनी मुलाची पारख केली. स्वतःच्या मालकीचे शस्त्र हा त्यानंतरचा टप्पा होता.

घ्यायचेच झाले तर

अर्थात एक वेळ अशी येते की खेळाडूला स्वतःचे पिस्तूल हवेच. वर्षभर नियमित सराव झाला, घरच्या सरावात साठ नेमांच्या फेरीत ६०० पैकी ५४० च्या आसपास गुण सातत्याने पडू लागले आणि प्रशिक्षकाने मान डोलावली, की खरेदीचा विचार करावा. तेव्हा कशाकडे पाहावे?

पहिली गोष्ट, प्रकार. आरंभ दहा मीटरच्या एअर पिस्तुलानेच व्हावा. २५ मीटरचे पिस्तूल पॉइंट बावीसचे, म्हणजे खऱ्या काडतुसाचे असते. त्याला शस्त्र परवाना लागतो आणि आयातीचे नियम कडक आहेत. एअर पिस्तुलाचे तसे नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीचे आणि २० जूलपर्यंत ऊर्जेचे हवाई शस्त्र परवान्यातून मुक्त आहे. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाची ऊर्जा सहा जूलच्या आसपास, मर्यादेच्या कितीतरी खाली असते. मात्र परवाना नको म्हणजे जबाबदारी नको असे नव्हे. खरेदी अधिकृत विक्रेत्याकडून, ओळखपत्र देऊन आणि पक्की पावती घेऊनच करावी. घरात ते कुलपातच राहिले पाहिजे.

दुसरी गोष्ट, वजन आणि लांबी. नियमाने पिस्तूल दीड किलोपर्यंत चालते; प्रत्यक्षात ते एक किलोच्या आसपास असते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला साठ वेळा ते ताठ हाताने पेलायचे आहे. अनेक कंपन्या त्याच पिस्तुलाची आखूड व हलकी आवृत्ती काढतात. वाढत्या वयाच्या मुलांसाठी तीच योग्य.

तिसरी गोष्ट, ट्रिगर. एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅम वजनाने दबला पाहिजे, असा नियम आहे. स्पर्धेत पंच ते वजन चापाला लटकवून परीक्षा घेतात. चांगल्या चापाची खूण म्हणजे तो शेवटच्या क्षणी काचेची काडी मोडावी तसा सुटतो आणि दर वेळी त्याच जागी सुटतो. चाप यांत्रिकही मिळतो आणि विजेवर चालणाराही. विजेचा चाप अत्यंत मऊ. परंतु २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलाची यंत्रणा ऐन भरात बिघडली आणि दुरुस्तीत पंधरा मिनिटांहून अधिक वेळ गेला. ७५ मिनिटांत साठ नेम पुरे करायचे असताना तिने ५७५ गुण नोंदवले आणि अवघ्या दोन गुणांनी अंतिम फेरी हुकली. ऑलिंपिकच्या मैदानात तंत्रज्ञ हाताशी असताना ही गत, तर जालन्यात बिघडलेले पिस्तूल दुरुस्तीसाठी मुंबई-पुण्याला पाठवून आठवडेच्या आठवडे वाट पाहणाऱ्या मुलाची काय कथा? म्हणून आडगावच्या खेळाडूने यांत्रिक चापाला आणि ज्याचे सुटे भाग देशात सहज मिळतात अशाच पिस्तुलाला प्राधान्य द्यावे.

ऑस्ट्रियाची स्टायर, जर्मनीच्या वॉल्थर व फाइनवेर्कबाऊ, स्वित्झर्लंडची मोरिनी, इटलीची पार्डिनी ही या क्षेत्रातली मान्यवर नावे. यांपैकी प्रत्येकाच्या पिस्तुलाने जागतिक पातळीवरचे गुण मिळवता येतात. नळीच्या अचूकतेत तरुण खेळाडूला जाणवेल असा फरक नसतो. फरक पडतो तो मुठीचा, तोलाचा आणि सेवेचा. तेव्हा पदकविजेत्याने कोणते वापरले यावरून निवड न करता, आपल्या हातात कोणते स्थिर बसते आणि आपल्या प्रशिक्षकाला कोणते दुरुस्त करता येते, यावरून ती करावी.

चौथी गोष्ट, हवेचा सिलिंडर. पिस्तुलाखालच्या नळकांड्यात सुमारे २०० बार दाबाची हवा असते. सायकलच्या किंवा गॅरेजच्या पंपाने हा दाब गाठता येत नाही. खास हातपंप किंवा पाणबुड्यांचा मोठा सिलिंडर लागतो. पोलाद कारखान्यांच्या या शहरात गॅस कटिंगच्या ऑक्सिजनच्या टाक्या सर्वत्र दिसतात. त्या जोडून काम भागवण्याचा विचारही कोणी मनात आणू नये. दाबाखालचा ऑक्सिजन तेला-ग्रीसच्या संपर्कात आला की स्फोट होतो. सिलिंडरवर निर्मितीची तारीख कोरलेली असते आणि दहा वर्षांनंतर तो वापरायचा नसतो. जुने पिस्तूल स्वस्तात मिळत असेल तर ही तारीख, पिस्तुलाचा क्रमांक, मूळ पावती आणि मुठीचे माप या चारही गोष्टी पाहिल्याखेरीज पैसे मोजू नयेत.

आणि पाचवी गोष्ट, ज्याचा हिशेब कोणी करीत नाही, ते छर्रे. रोज ऐंशी नेम धरले तर पाचशे छर्ऱ्यांची डबी आठवड्याभरात संपते. पिस्तूल एकदाच घ्यावे लागते. छर्रे, लक्ष्यपत्रे, प्रवास आणि प्रवेशशुल्क वर्षभर. साऱ्या बचतीचे पिस्तूल घेतले आणि सरावाला छर्रे उरले नाहीत, असे होता कामा नये.

समाजाने उचलायचा वाटा

इथवर आले की साहजिकच आक्षेप निघेल: हा खेळ शेवटी श्रीमंतांचाच ठरला म्हणायचा! तसे मुळीच नाही, पण त्यासाठी खर्च एकट्या कुटुंबावर न टाकता समाजाने थोडी कल्पकता दाखवली पाहिजे. स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ स्क्रूने बसवलेली असते आणि ती वेगळी विकत मिळते. एकच पिस्तूल चार मुलांनी वापरावे. प्रत्येकाची मूठ मात्र स्वतःची असावी, स्वतःच्या हाताला घासून बसवलेली. साइट्सची प्रत्येकाची मांडणी वहीत नोंदवून ठेवावी. पिस्तूल संस्थेचे, मूठ मुलाची! दोन लाखांचा भार असा वाटला गेला की मुठीपुरता खर्च मध्यमवर्गीय घराच्याच काय, शेतमजुराच्या घराच्याही आवाक्यात येतो. जो मुलगा सहा महिन्यांत कंटाळेल, त्याच्या वडिलांची ठेवही शाबूत राहील.

दालनही फार मोठे लागत नाही. दहा मीटरचे अंतर, मागे उभे राहायला जागा, लक्ष्यामागे पक्की भिंत, दोन्ही बाजूंनी बंदोबस्त आणि उत्तम प्रकाश. औद्योगिक वसाहतीतले एखादे रिकामे गोदाम किंवा शाळेचे लांबट सभागृह जाणकाराकडून तपासून, सुरक्षेच्या अटी पाळून वापरात आणता येईल. राज्य राखीव पोलीस दलाचा तिसरा गट जालन्यातच आहे. शस्त्राची शिस्त अंगी मुरलेली निवृत्त माणसे या शहराला दुर्मीळ नाहीत. मुंबईत दादरच्या स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकात नेमबाजीचे प्रशिक्षण चालते, ते संस्थेच्या बळावरच. जालन्यातील पोलाद आणि बियाणे उद्योगांनी चार पिस्तुले आणि एक हवेचा सिलिंडर दिला, तर पन्नास मुलांची पारख होऊ शकेल.

या खेळाला मराठी माणसाच्या संस्थात्मक कर्तृत्वाचा वारसाही आहे. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली. तिचे संस्थापक आणि पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर. आजही देशभरचे नवे नेमबाज ज्या स्पर्धेची पायरी चढून पुढे जातात, ती मावळंकरांच्याच नावाने ओळखली जाते. कायद्याच्या आणि संसदेच्या मर्यादा जपणाऱ्या माणसाने शस्त्राच्या खेळाचा पाया घालावा, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

कारण स्पर्धेचे पिस्तूल ही मिरवण्याची वस्तू नाही. ते संरक्षणाच्या कामाचे नाही, धाक दाखवण्याच्या तर नाहीच नाही. ते हातात घेऊन छायाचित्र काढून घेणाऱ्या मुलाला प्रशिक्षकाने पहिल्याच दिवशी घरी पाठवावे. नळी सदैव लक्ष्याकडे, बोट चापाबाहेर, आणि आज्ञा होईपर्यंत छर्रा भरायचा नाही, ही या खेळाची संध्या आहे. विजयादशमीला घरोघरी शस्त्रपूजन होते. नेमबाजाचे शस्त्रपूजन रोजचे असते. नळी पुसणे, सिलिंडरचा दाब पाहणे आणि छर्रा न भरता भिंतीवरच्या कोऱ्या कागदाकडे शंभरदा चाप ओढणे, हीच त्याची पूजा. नाशिकचे भीष्मराज बाम पोलीस सेवेत अधिकारी होते. पुढे क्रीडा मानसशास्त्राचे मार्गदर्शक म्हणून त्यांनी अंजली भागवतसारख्या नेमबाजांना मनाच्या तयारीचे धडे दिले. २०१७ मध्ये निधन पावलेल्या बामसरांनी योगाची बैठक या खेळाला जोडून दिली. दुकानात मिळत नाही ते हेच.

पॅरिसमध्येच तुर्कस्तानचा एक्कावन्न वर्षांचा युसुफ डिकेच साधा चष्मा लावून, एक हात खिशात घालून उभा राहिला आणि मिश्र सांघिक रौप्यपदक घेऊन गेला. त्याचे छायाचित्र जगभर फिरले आणि साधनांची गरजच नाही, असा सोयीचा निष्कर्ष अनेकांनी काढला. त्याच्या हातातले पिस्तूल स्पर्धेचेच होते, हे त्यांनी पाहिले नाही. त्यामागची वर्षानुवर्षांची मेहनत तर छायाचित्रात दिसणारच नव्हती. साधनाचा मोह आणि साधनाचा तिरस्कार, दोन्ही टोके सारखीच चुकीची.

जांब समर्थ ही याच जिल्ह्यातील समर्थ रामदासांची जन्मभूमी. गावोगावी मारुती उभे करून त्यांनी बलोपासनेला विवेकाची जोड दिली, ही इथल्या मातीची शिकवण आहे. तिला स्मरून पालकांनी एवढेच करावे: यंदा पिस्तुलाची चौकशी करण्याआधी मुलाला वर्षभर धावायला लावावे, हात ताठ धरून पाण्याची भरलेली बाटली पेलायला लावावी, मन एका बिंदूवर ठेवायला शिकवावे. आणि चार सुजाण पालकांनी, दोन उद्योजकांनी व एखाद्या शाळेने एकत्र बसून पहिले पिस्तूल सर्वांच्या नावे घ्यावे. पुढे कोणाच्या मुठीत पदक येईल ते येवो, तोवर शिस्त पन्नास घरांत पोहोचलेली असेल.